चुकून आलेली लक्ष्मी

बँकेच्या संगणकाने चूक केली, तर तिचा भार कोणी सोसायचा? २०२३ च्या दिवाळीत हा प्रश्न युको बँकेच्या निमित्ताने वेगळ्याच रूपात पुढे आला. १० नोव्हेंबरच्या धनत्रयोदशीपासून १३ नोव्हेंबरपर्यंत या बँकेच्या 'आयएमपीएस' या तत्काळ पैसे पाठविण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला. सात खासगी बँकांतील सुमारे १४,६०० खात्यांतून निघालेले व्यवहार तेथे 'अयशस्वी' ठरले. पाठविणाऱ्यांची शिल्लक कमी झाली नाही. युकोच्या ४१ हजारांहून अधिक खात्यांत मात्र पैसे जमा होत राहिले. साडेआठ लाखांवर व्यवहारांतून ८२० कोटी रुपये असे खातेदारांच्या पदरात पडले.

ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत आलेल्या या लक्ष्मीचे खातेदारांनी काय केले? बँकेने खाती गोठवून ६४९ कोटी, म्हणजे सुमारे ७९ टक्के रक्कम काही दिवसांतच परत मिळविली. पण अनेकांनी पैसे काढून घेतले होते वा अन्यत्र वळविले होते. प्रकरण सीबीआयकडे गेले आणि मार्च २०२४ मध्ये राजस्थानातील काही शहरांत व पुण्यात मिळून ६७ ठिकाणी झडत्या झाल्या. चुकून हाती आलेला पैसा परत केलाच पाहिजे, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो चूक उलट दिशेने होते तेव्हाचा. एटीएममधून नोटा येत नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा होते, हा अनुभव शहरी ग्राहकाला नवा नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदती ठरवून दिल्या. एटीएमच्या बाबतीत व्यवहारानंतर पाच दिवसांत, तर यूपीआय वा आयएमपीएसने एखाद्याला पाठविलेले पैसे पोहोचले नाहीत तर दुसऱ्याच दिवसापर्यंत रक्कम परत जमा व्हावी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. हा नियम किती खातेदारांना ठाऊक असेल? शिवाय अडकलेले पैसे ५०० असोत वा ५० हजार, भरपाई तेवढीच.

शिवाय, हा नियम फसलेल्या व्यवहारांपुरता आहे. यंत्रणाच बंद पडून व्यवहार सुरूच झाला नाही, तर त्याचा उपयोग नाही. वारंवारच्या बिघाडांनंतर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. सर्व निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास आणि नवी कार्डे देण्यास बंदी आली, ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत टिकली. या कारवायांनी बँकांना यंत्रणा सुधारणे भाग पडले, हे खरे. परंतु ज्याचा घराचा हप्ता वा रुग्णालयाचे बिल त्या दिवशी अडले, त्या जुन्या खातेदाराच्या खोळंब्याचे मोल त्यांत कोठे होते?

ग्राहक दोन दिवस संतापतो आणि मग गप्प बसतो. या गप्प बसण्याला विश्वास समजण्याची चूक बँकांनी करू नये. पगार, कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते असे सारे एकाच खात्याला जखडलेले असल्याने बँक बदलणे सोपे राहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. बिघाड पूर्णपणे टळणार नाहीत. मात्र ते दडवून न ठेवता तत्काळ जाहीर करणे, यंत्रणा केव्हा सुरू होईल हे सांगणे आणि अडकलेल्या रकमेच्या प्रमाणात भरपाई देणे बँकांना अशक्य नाही. आपल्या चुकीने गेलेला पैसा जी बँक काही दिवसांत वसूल करू शकते, तिने ग्राहकाचा पैसाही त्याच तत्परतेने परत करायला हवा.