यंत्रमानव कोणाच्या शाळेत?

शालेय विद्यार्थ्यांनी यंत्रमानव घडविण्याचे उपक्रम गेल्या तीन दशकांत जगभर फोफावले आहेत. पुरोगामी चळवळीत त्यांच्याकडे बहुधा संशयाने पाहिले जाते. काहींना हे सुखवस्तू घरांतील मुलांचे खेळणे वाटते, तर काहींना रोजगार हिरावणाऱ्या यंत्रयुगाची रंगीत तालीम. दोन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे शिक्षणाचे एक प्रभावी साधन आपण होऊन बाजाराच्या स्वाधीन करणे होय.

वस्तुतः या उपक्रमांमागील विचार बाजारात जन्मलेला नाही. जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काम केलेले गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी असे प्रतिपादन केले की, मूल एखादी वस्तू स्वतः घडविते तेव्हाच त्याचे ज्ञान पक्के होते. संगणकाने मुलाला चालवावयाचे की मुलाने संगणकाला, हा त्यांच्या १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथाचा गाभा. पुढे १९९८ साली लेगो कंपनीने हेच नाव आपल्या यंत्रमानव-संचाला दिले आणि २०२२ अखेर तो संच बंदही केला. कंपनीच्या संचावर उभा राहिलेला अभ्यासक्रम कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून राहतो, एवढा बोध यातून घ्यावयास हरकत नाही.

वाढीचा इतिहासही असाच दुहेरी आहे. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. खेळाडूला मिळणारा मान विज्ञानालाही मिळावा, हा तिचा हेतू. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी तिची पहिली स्पर्धा झाली. आज माध्यमिक गटातच तीन हजारांहून अधिक संघ उतरतात. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र बिघडले तर आपली हत्यारे त्याला द्यावीत, असा संकेत तेथे रुजविला गेला आणि तो समाजवाद्यांना आपलासा वाटावा असाच आहे. मात्र या गटातील एका संघाचे नोंदणीशुल्कच सुमारे सहा हजार डॉलर पडते. ज्या शाळेच्या पाठीशी प्रायोजक उभा, तिचाच संघ मैदानात, हा व्यवहार मग ओघाने येतो.

भारतात २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानाने शाळांतील प्रयोगशाळांसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. अशा दहा हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, ही गोष्ट कमी लेखण्याजोगी नाही. परंतु अर्ज करणाऱ्या शाळेपाशी सर्वसाधारणपणे दीड हजार चौरस फूट जागा असावी, अशी अट घातली गेली. दोन खोल्यांत चार वर्ग भरविणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेने ही जागा कोठून आणावी? २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली आहे. त्या कोठे उभ्या राहतात आणि शिकविण्यास शिक्षक मिळतो की नाही, यावर तिचे मोल ठरेल.

दुसरा मार्ग आहे आणि तो केरळने दाखविला आहे. तेथे ‘काइट’ या शासकीय संस्थेमार्फत २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळे शाळाशाळांतून चालतात. २०२५-२६ पासून दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात यंत्रमानवशास्त्राचा समावेश झाला असून, त्यासाठी शाळांना सुमारे २९ हजार संच पुरविण्यात आले. सारी भिस्त मुक्त संगणकप्रणालींवर आहे. निवडक हुशारांची स्पर्धा आणि सर्वांचे शिक्षण यांतील फरक तो हाच.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांना वेल्डिंग, वीजजोडणी, शेती यांतून विज्ञान शिकविले. २००२ च्या सुमारास तेथेच अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने संगणकचलित यंत्रांची कार्यशाळा उभी राहिली. हात आणि बुद्धी यांची जातिव्यवस्थेने केलेली फारकत मिटविण्याचे सामर्थ्य अशा शिक्षणात आहे. संवेदकाने इशारा देताच मोटर का थांबते, हे ज्या मुलीला कळले, ती उद्या कारखान्यात यंत्राचे मुकाट शेपूट होणार नाही. यंत्र कोणासाठी चालते, असेही ती विचारील.

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नात लक्ष घातले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला आहे. प्रत्येक केंद्रशाळेत परिसरातील सर्व शाळांसाठी सामाईक प्रयोगशाळा, प्रशिक्षित कायम शिक्षक आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी तरतूद, या तीन मागण्या त्या आराखड्यात लिहवून घेणे हे आजचे काम आहे. स्पर्धेतील चषकांची गणती नंतरही करता येईल.