कर्जदाराचाही हक्क

रमजान आला की शहरातल्या मशिदींच्या दारात मागणाऱ्यांची रांग लागते. दहा-वीस रुपयांच्या नोटांत जकात वाटली जाते. देणाऱ्याला समाधान मिळते, घेणाऱ्याची ईद निभावते. पण घरावरचे कर्ज तसेच राहते.

जकात ही भीक नव्हे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के, म्हणजे लाखामागे २,५०० रुपये, हा गरजूंचा हक्क आहे. कुरआनच्या नवव्या सूरेतील ६० व्या आयतीत या रकमेचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात कर्जात बुडालेला माणूसही आहे.

हा माणूस मशिदीच्या दारात येत नाही. पेरणीसाठी किंवा दवाखान्यासाठी सावकाराकडून उचललेल्या पैशाचे व्याज भरत तो खेड्यात गप्प बसलेला असतो. मागायची त्याला लाज वाटते. त्याच्यापर्यंत पोहोचणे हे गावच्या बैतुलमालचे खरे काम. कोणाचे शेत गहाण आहे, कोणाच्या मुलीची फी थकली आहे, हे गावातल्या चार जाणत्यांना ठाऊक असते. त्यांनी हिशेब चोख ठेवावा, नाव मात्र झाकावे. मदत देतानाचा फोटो तर नकोच.

जकातीला नियम आहेत. सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. तेव्हा कर्जाखाली दबलेला शेजारी कोणत्या आळीत राहतो, हे विचारायचे कारण नाही.

दहा घरी शिधा जरूर द्या. पण या ईदपूर्वी सावकाराच्या वहीतले एक नाव तरी कायमचे खोडले जावे.