बीपी वाढला, बाळ वाढेना : वसमतची गरोदर बाई नांदेडला पोचते कधी?

वसमत : हळद शिजवायचा हंगाम आला की आठव्या महिन्यातली बाईसुद्धा दिवसभर उभी असते. पाय सुजले तर घरातलं मोठं माणूस म्हणतं, "दिवस गेल्यावर सूज येतीच." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यापुढं अंधारी येत असेल, बरगडीखाली उजवीकडं दुखत असेल, तर तो कामाचा शीण नव्हे. बीपी वाढलेला असू शकतो आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

पाच महिन्यांनंतर बीपी 140/90 किंवा त्यावर गेला आणि लघवीत प्रथिनं सापडली की डॉक्टर त्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. 160/110 म्हणजे गंभीर. झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. यात वार नीट काम करत नाही, बाळाला रक्त कमी जातं आणि त्याची वाढ खुंटते. म्हणून आशाताई "पोट महिन्याच्या मानानं लहान वाटतंय" म्हणाली तर ते हसण्यावारी नेऊ नये.

बीपीच्या गोळ्या हा आजार बरा करत नाहीत, फक्त वेळ मिळवून देतात. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट, बाळाच्या फुफ्फुसासाठी आईला स्टेरॉईडचं इंजेक्शन, रक्तपुरवठा बघायला डॉप्लर सोनोग्राफी. खरा इलाज बाळंतपणच. इथंच घरात वाद होतो. "एवढ्यात बाळ काढायचं? अजून महिनाभर पोटात राहू द्या, वजन भरेल." पण वारच अन्न पुरवत नसेल तर वजन भरणार कुठून? गंभीर आजारात 34 आठवड्यांनंतर थांबत नाहीत. त्याआधी आई-बाळ स्थिर असतील तरच थांबतात, तेही मोठ्या दवाखान्यात भरती ठेवून, घरी नाही.

मोठा दवाखाना म्हणजे इथल्या लोकांना नांदेड. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बरेच रुग्ण शेवटच्या घडीला बाहेरून आले, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. औषध, मनुष्यबळ हे प्रश्न आहेतच, पण शेवटची घडी नांदेडात ठरत नाही, ती कुरुंदा-हट्ट्याकडच्या गावात ठरते.

सरकारी नियमाप्रमाणे झटका आलेल्या बाईला मॅग्नेशियमचा पहिला डोस सिस्टरनं देऊनच पुढं पाठवायचं असतं. मग उपकेंद्रात ते इंजेक्शन आहे का? बीपीचं मशीन चालू आहे का, लघवी तपासायच्या पट्ट्या आहेत का? ग्रामसभेत रस्त्या-नाल्यावर तासभर भांडण होतं, हे कोणी विचारत नाही.

ऊसतोडीला गेलेल्या बाईची अडचण आणखी वेगळी. मधले चार-पाच महिने तिचा बीपी कुणी मोजत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती फडाजवळच्या दवाखान्यातही होते. फक्त कार्ड सोबत असलेलं बरं. बहुतेकींचं ते घरी पेटीत.

2024 ला हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण वसमतकरांना नांदेडच जवळ, म्हणून गाडी तिकडंच वळते. ज्या बाईला मागच्या खेपेला हा त्रास झाला, तिनं पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरला ते सांगावं. कमी ताकदीची ॲस्पिरिन 16 आठवड्यांच्या आत सुरू केली तर धोका कमी होतो. ती डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाही.