तेल कोणते, यापेक्षा किती?

आहारातील स्निग्धांशाबाबतचे सल्ले सतत बदलतात. अमेरिकेच्या २०१५-२०च्या मार्गदर्शिकेने कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली; संपृक्त स्निग्धांशाची १० टक्क्यांची मर्यादा मात्र कायम ठेवली.

धाराशिवच्या स्वयंपाकघरात हा गोंधळ करडई, सोयाबीन की तूप, असा असतो. करडईत असंपृक्त स्निग्धांश भरपूर, म्हणून हृदयासाठी ती तुपापेक्षा उजवी. पण वजनाचे गणित वेगळे. तेल घाण्याचे असो वा रिफाइंड, प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतातच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये २००० कॅलरींच्या आहारात तेल-तुपासाठी रोज सुमारे २७ ग्रॅम धरले. म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. शेतात राबणाऱ्याची गरज जास्त, दुकानात बसणाऱ्याची नाही. डबा भरून आणताना आधी हा हिशेब मांडावा.