डिंक, गवार आणि पाकिटावरचे आकडे



आईस्क्रीमच्या कपावर बारीक अक्षरात 'स्टॅबिलायझर (४१२, ४१४)' असं काही दिसलं की आपण मुलांना लगेच सांगतो, "बघ, सगळं केमिकल आहे!" माझ्या मते हे उत्तर घाईचं आहे. निदान शाळेत तरी ते देऊ नये.

४१२ म्हणजे गवार गम. आपण जिच्या कोवळ्या शेंगांची भाजी करतो, त्याच गवारीच्या वाळलेल्या बियांपासून ही पूड काढतात. राजस्थानात हे पीक मोठं आहे आणि तिथून ही पूड जगभर जाते. ४१४ म्हणजे बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा डिंक, जो सुदानकडून मोठ्या प्रमाणात येतो. ४१९ म्हणजे धावड्याचा डिंक, आणि धावडा तर आपल्या सह्याद्रीतही वाढतो. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या मुलांना बांधावरची बाभूळ काही नवी नाही. तुपात तळून फुलवलेला डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडला की आपण त्याला पौष्टिक म्हणतो. तशीच वस्तू आकडा होऊन कपावर आली की मात्र घाबरतो!

हा डिंक करतो काय? आईस्क्रीममधलं पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. संत्र्याच्या स्वादाच्या शीतपेयात तेलाचे बारीक थेंब असतात. डिंकाचा काही भाग त्या थेंबांना चिकटतो, बाकीचा पाण्यात राहतो. म्हणून तेल वर तरंगत नाही. वर्गात दोन बाटल्यांत पाणी आणि थोडं तेल घ्या. एकीत आधी बाभळीचा डिंक विरघळवा. दोन्ही जोरात हलवा आणि कोणती बाटली जास्त वेळ गढूळ राहते, ते मुलांनाच पाहू द्या.

मग नैसर्गिक आहे म्हणून खुशाल खायचं का? तेही नाही. लाडवात डिंकाबरोबर खारीक, खोबरं, तूप असतं. पेयात मात्र फळाचा गर कमी असला, तरी गम घालून दाटपणा आणता येतो. जिभेला वाटतं, आंबाच आंबा! म्हणून मुलांना 'नैसर्गिक की केमिकल?' यापेक्षा वेगळा प्रश्न शिकवूया : हा दाटपणा कशामुळे आलाय? मग त्यांनी पाकीट उलटं करून फळाचं प्रमाण किती टक्के आणि साखर किती, ते वाचावं.

शाळेजवळच्या दुकानातून दहा रुपयांची बाटली मूल एकटंच विकत घेतं. तिथे आपण नसतो. त्याला फक्त भीती शिकवली असेल, तर 'नैसर्गिक' असं मोठ्या अक्षरात छापलेली बाटली त्याला सहज फसवेल. वाचायला शिकवलं असेल, तर निदान दोन आकडे बघून ते स्वतः ठरवेल.

पुढच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला घरातलं एक रिकामं पाकीट आणायला सांगा. एवढ्या साहित्यावर विज्ञानाचा एक चांगला तास होतो.