मशीन अपडेट झालं, रान अपडेट होत नाही



कुंडलची शेतनोंद. ऊस तुटून गेलेत. खोडवा ठेवणाऱ्यांचं पाचट सरीत ओढून झालंय, मोडणाऱ्यांची नांगरट सुरू आहे. रान असं उघडं पडलं की दोन पाहुणे येतात. एक बगळे, नांगरामागनं किडे टिपायला. दुसरे मेटल डिटेक्टरवाले. बगळ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मशीनवाल्यांचं यंदाचं बोलणं ठरलेलं आहे. "दादा, नवीन अपडेट मारलंय. कॉईन मोड एकदम क्लिअर झालाय, दोन फुटावरचं नाणं सांगतंय. घावंल ते निम्मं निम्मं." मी नाही म्हणतो. का म्हणतो ते सविस्तर लिहितोय, कारण आसपासच्या बांधांवर लोक हो म्हणायला लागलेत.

आधी अपडेटचं बघू. मशीनची कॉईल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते, त्यानं धातूत बारीक वीज खेळते आणि तिचा परतीचा संकेत मशीन वाचतं. अपडेटनं बदलतो तो हा वाचायचा हिशोब. लोखंड कशाला म्हणायचं, जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या कशा ऐकवायच्या, पडद्यावर आकडा कुठला दाखवायचा, एवढंच. कॉईल तीच राहते, बॅटरी तीच, जमीनही तीच. नाण्याएवढी बारकी वस्तू कॉईलच्या रुंदीपेक्षा खोल गेली, की पुढं खोली दुप्पट झाल्यावर संकेत साधारण चौसष्ट पटीनं क्षीण होतो. हे कुठल्या कंपनीनं ठरवलेलं नाही, त्यामुळं कुठली कंपनी ते अपडेटमध्ये बदलूही शकत नाही. चांगलं मशीन एकटं नाणं वीतभर, फार तर फूटभर खोलीवर धरतं. दोन फूट ही विकणाऱ्याची भाषा आहे.

दुसरी गोष्ट. अपडेटनंतर बऱ्याच मशीनची सेटिंग कारखान्यातल्यासारखी होतात. ज्याला मशीन कळतं तो सगळं पहिल्यापासून लावतो. आधी नॉइज कॅन्सल, कारण आपल्या रानात डोक्यावर विजेच्या तारा आणि विहिरीवर मोटार. मग त्याच रानात कॉईल वरखाली करून ग्राउंड बॅलन्स. मग सेन्सिटिव्हिटी, मशीन उगाच बडबडायचं थांबेपर्यंत खाली. डिस्क्रिमिनेशन सगळ्यात शेवटी. आणि माहितीतलं एक नाणं पुरून त्यावर चाचणी. आमच्याकडं आलेल्यांपैकी एकानंही हे केलेलं मी पाहिलं नाही. चालू केलं, कॉईन मोड लावला, निघाले झाडू मारल्यासारखे.

आपली माती बसाल्टची, काळ्या फत्तराची. तिच्यात चुंबकी लोह असतं. बॅलन्स न करता मशीन फिरवलं की फत्तर पण बोलतो आणि ढेकूळ पण बोलतं. ते बोललं की हे खणतात. तोडणी झालेल्या एका रानात सकाळी मोजले तर तेवीस खड्डे. त्यातनं काय निघालं? नांगराच्या फाळाचा तुकडा, बाटल्यांची बुचं, गुटख्याची चमकी. दोन ठिकाणी ठिबकची लॅटरल तुटलेली. ती जोडायला कुणी आलं नाही.

आणि तो कॉईन मोड बनवलाय कुणासाठी? मोठी बाजारपेठ युरोप-अमेरिकेची, त्यामुळं त्यांच्या नाण्यांसाठी. आपल्याकडची जुनी नाणी वेगळी. शिवराई तांब्याची, तिचा आकडा वर जातो. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची, बारकी. त्यांचा आकडा चमकी आणि पत्र्याच्या तुकड्यांच्या आसपास येतो. म्हणजे चमकी गाळायला जे डिस्क्रिमिनेशन लावलं, तेच दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणंही गाळतं.

कोणी म्हणेल, मग त्यांना नीट सेटिंग शिकवा की. शिकवलं तरी माझं उत्तर नाहीच. मशीन चुकीचं लावलं तर रान खराब होतं. बरोबर लावलं तर त्याहून वाईट होतं.

कसं ते सांगतो. 1906 साली नाशिककडच्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा परत मारलेला होता. नहपानाचं राज्य गौतमीपुत्रानं घेतलं, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा क्वचितच असेल. हा पुरावा एका नाण्यात नव्हता. इतकी नाणी एका जागी निघाली आणि ती एकत्र मोजली, तपासली गेली, यात तो होता. तीच नाणी पन्नास जणांनी रातोरात खिशात घालून सराफाकडं नेली असती, तर चांदी तेवढीच भरली असती आणि इतिहास शून्य. नाणं कुठल्या रानात, किती खोल, मडक्यात की मोकळं, सोबत खापरं-विटा काय होत्या, हे त्याचं निम्म्याहून जास्त मोल आहे. घाईनं खणणारा हेच आधी मोडतो.

आता कुंडलकडं या. चालुक्यांची राजधानी आमच्या गावात होती, हे आपण बाहेरच्याला छाती काढून सांगतो. डोंगरातले गिरी पार्श्वनाथ आणि झरी पार्श्वनाथ दाखवतो. गाव जुनं आहे याबद्दल कुणाला शंका नाही. पण किती जुनं, कुणाचं, किती मोठं, हे विचारलं की पुरावा लागतो. त्यातला काही आपल्याच रानात असू शकतो, खापरात, विटांत, एखाद्या नाण्यात. तो पाचशे रुपयांना विकायचा आणि वर राजधानीचा फ्लेक्स लावायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

अफवेचं पण बघितलंय आपण. मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडला 'छावा' सिनेमानंतर मोगलांचं सोनं आहे अशी हवा झाली. शेकडो लोक रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन शेतांत घुसले. सोनं कुणाला किती मिळालं माहीत नाही, पण खड्डे शेतकऱ्याच्या वाट्याला आले. पूर्वी गुप्तधन दाखवायला मांत्रिक यायचा. गुप्तधनाच्या नावानं चालणारे अघोरी प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवले. आता लिंबू-कोंबडं गेलं आणि हेडफोन आला. "इथं आहे, खणा" हे सांगणं मात्र तेच.

कायदा माहीत नसेल त्यांनी हे नीट वाचा. भारतीय निखात निधी कायदा 1878 चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत लपलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि वाटा सरकारजमा. जमीनमालकानं त्यात साथ दिली तर त्याला सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे "निम्मं निम्मं" ला मान डोलावली की तुम्ही आत. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या खोदाईत निघालेली 216 सोन्याची नाणी गुपचूप ठेवली गेली होती, ती शेवटी पोलिसांनी जप्त केली.

आणि नियमानं गेलात तर? कुणाची मालकी सिद्ध झाली नाही आणि आधी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. स्वतःच्या रानात स्वतःला सापडलं तर दोन्ही वाटे तुमचेच.

"सरकारला दिलं की गेलं," हे मला लगेच ऐकवलं जाईल. यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. सरकारनं तो ऐवज घ्यायचं ठरवलं, तर कायद्यात मोबदला आहे धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. शिशाच्या नाण्याला शिशाचा भाव! बाजारात ज्याला हजारो मिळतील त्याला सरकार चार-पाच रुपये देणार, आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा. जमीन अडकेल ही भीती वेगळीच. ती घालवायला गावात येऊन कुणी चार शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये हेच मशीनवाले आहेत, तेही जमीनमालकाच्या परवानगीनंच शेतात जातात. पण तिथं 1997 पासून सापडलेल्या वस्तू नोंदवायची योजना आहे. भागाभागात त्यासाठी नेमलेला माणूस आहे, दहा लाखांवर वस्तूंची नोंद झालीय, आणि मौल्यवान ठेव्याचं बक्षीस बाजारभाव काढून बहुधा मालक आणि शोधणारा यांच्यात निम्मं निम्मं वाटलं जातं. आपल्याकडं तालुक्याला असा माणूस नाही. तोपर्यंत इंग्लंडचे व्हिडिओ दाखवून आमच्या रानात शिरू नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत. तहसीलमध्ये एक पानाचा मराठी अर्ज ठेवा आणि त्याची पोच द्या. मोबदला धातूवर न देता वस्तूच्या जुनेपणावर द्या. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा माणूस वर्षातनं एकदा, तोडणीनंतर, ग्रामसभेला पाठवा. ज्या गावानं प्रतिसरकार पाहिलं, जी. डी. बापूंचं हे गाव, इथं मी इंग्रजांच्या वेळचा कायदा पाळा म्हणतोय हे मलाही खटकतं. पण कायदा बदलून घ्यायचा तो मागणी करून. रात्री खणून बदलत नाही.

तोपर्यंत आपण एवढं करू.

मशीनवाल्याला नाही म्हणायचं. तोंडी वाटणी ठरवायची नाही.

नांगराला काही लागलं तर तिथला नांगर थांबवायचा. जागेवरच फोटो काढायचा, शेजारी फूटपट्टी किंवा काडेपेटी ठेवून. गट नंबर, तारीख, किती खोल ते लिहायचं.

नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख काही लावायचं नाही. त्यावरची अक्षरं जातात.

मडकं दिसलं तर हात घालायचा नाही. कलेक्टरला लेखी कळवायचं, अर्जाची पोच घ्यायची, तलाठ्याला प्रत द्यायची.

सोनं निघेल म्हणून रान खणणाऱ्याला एकच सांगणं. या जमिनीतनं दर वर्षी जे निघतं ते टनावर मोजतात, आणि ते काढायला अपडेट लागत नाही, वेळेला वाफसा लागतो.

पटलं तर गावच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, उत्तर देईन. रात्री रानात मात्र भेटू नका.