इन्सुलिनवरही हवी उष्णतेची खूण

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात दुकानातून घरी आणलेले इन्सुलिन कितपत गुणकारी राहिले, हे रुग्णाला कळत नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याच्या रेणूची घडी विस्कटते, परिणाम घटतो; औषध मात्र अनेकदा पूर्वीसारखेच दिसते. मग साखर वाढली की दोष येतो तो रुग्णाच्या पथ्यावर.

पोलिओच्या लशीपुरता यावर १९९६ मध्येच उपाय निघाला. कुपीवरील वर्तुळातला फिकट चौकोन उष्णतेने गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की लस वापरायची नाही. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही हे समजते. लशीला जी खूण मिळते, ती रोज टोचून घ्याव्या लागणाऱ्या औषधाला का मिळू नये? सरकारने ती सक्तीची करावी.

तोवर न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले इन्सुलिनही निकामीच. फ्रिज नसेल तर मातीच्या भांड्याचा गारवा कामी येतो. आणि पथ्य पाळूनही साखर वाढली, तर डॉक्टरांनी आधी कुपी कुठे ठेवली होती, हे विचारावे.